टेस्ट फेल झाली, पण तिथं होतं काय? गिटच्या टेस्ट स्क्रिप्टमधली ‘फाइल आहे का’ ही तपासणी सुधारताना

शेलमधली (टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधली) ‘टेस्ट -एफ’ ही आज्ञा फार मितभाषी आहे. फाइल असली तर शून्य परत देते, नसली तर एक, आणि दोन्ही वेळा स्क्रीनवर अक्षरही उमटत नाही. रोजच्या स्क्रिप्टमध्ये हा तिचा गुणच. पण हीच ओळ टेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्राम नीट चालतो का ते बघणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, बसली आणि टेस्ट फेल झाली, की समोर येतं ते ‘नॉट ओके’, टेस्टचा क्रमांक, नाव आणि फार तर टेस्टचाच मजकूर. फाइल तयारच झाली नाही? दुसऱ्याच नावानं झाली? की त्या नावाचा फोल्डर तयार झाला? यातलं काहीच कळत नाही. मग तुम्ही टेस्ट पुन्हा चालवता, मध्येच थांबवता, फोल्डरमध्ये जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघता.

पावसाळ्यात सांगलीत कुणी ‘पाणी वाढलं’ एवढंच सांगितलं तर कुणाचंच समाधान होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: आयर्विन पुलाला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि आकडा कळला की सामान वर चढवायचं की थांबायचं ते ठरतं. फेल होणाऱ्या टेस्टकडून माझी अपेक्षा एवढीच आहे: बिघडलंय हे सांगच, पण तू काय पाहिलंस तेही सांग.

गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम. त्याच्या टेस्ट संचात यासाठी छोटी मदतनीस फंक्शन्स फार पूर्वीपासून आहेत. पण संच जुना आणि मोठा, त्यामुळे कित्येक स्क्रिप्टमध्ये मुक्या तपासण्या तशाच राहिल्या. त्या बदलण्याचं काम गिट प्रकल्पानं गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स उपक्रमासाठी येणाऱ्या नवख्यांना पहिला सराव म्हणून सुचवलेलं आहे. वालचंदला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला शिकणारी मुलं ‘ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू’ असं विचारतात, तेव्हा मी याच कामाकडे बोट दाखवतो. सी भाषेचे गुंतागुंतीचे कोपरे माहीत नसले तरी चालतं. शेल वाचता यायला हवं आणि टेस्ट लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायची सवय हवी. दुसरी गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, म्हणून हा लेख.

एक सोय आधीच सांगतो. आज्ञा आणि फंक्शनची नावं इथं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची, आणि ‘-एफ’ सारख्या पर्यायांची अक्षरं लहान (लोअरकेस).

तयारी

उबंटू किंवा डेबियन असेल तर कंपायलर, मेक आणि झेडलिब, कर्ल, ओपनएसएसएल, एक्स्पॅट, गेटटेक्स्ट यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरा, निम्मा त्रास वाचतो.

मग गिटचा कोड क्लोन करा, म्हणजे इतिहासासह त्याची प्रत उतरवा. गिटचा इतिहास २००५ पासूनचा आहे, म्हणजे क्लोन मोठा होतो. जत किंवा आटपाडीकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्यांना ‘डेप्थ १’ लावून उथळ क्लोन घ्यायचा मोह होईल. तो टाळा, कारण या कामात इतिहास लागतो. एखादी तपासणी तशीच का लिहिली, हे बऱ्याचदा जुन्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मजकुरातच सापडतं. त्याऐवजी क्लोन करताना ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ द्या. सगळे कमिट येतात, फाइलींचा जुना मजकूर मात्र गरज पडेल तेव्हाच उतरतो.

मग कोड कंपाइल करायला ‘मेक -जे४’ चालवा. लॅपटॉप जुना असला तरी एकदाच थांबावं लागेल. संपूर्ण टेस्ट संच चालवायची मात्र गरज नाही. स्क्रिप्ट ‘टी’ फोल्डरमध्ये असतात, नावं ‘टी’ आणि चार अंक अशी सुरू होतात. तुमची एकच स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘-व्ही -आय’ लावून चालवा. ‘-व्ही’ नं टेस्टच्या आतलं बोलणं दिसतं, ‘-आय’ नं पहिल्या अपयशाला थांबतं आणि कचरा फोल्डर, म्हणजे टेस्ट ज्यात चालते तो तात्पुरता फोल्डर, तसाच मागे राहतो. त्या फोल्डरचं नाव ‘ट्रॅश डिरेक्टरी’ आणि पुढे स्क्रिप्टचं नाव असं असतं. मधली रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. कुणी पाथला अवतरण चिन्हं द्यायला विसरला तर टेस्ट तिथंच आपटावी म्हणून. मला ही युक्ती फार आवडते.

काही बदलण्याआधी स्क्रिप्ट एकदा जशीच्या तशी चालवून घ्या. आधीपासूनच काही फेल होत असेल तर ते आत्ताच कळू दे.

ओळी शोधणे

‘गिट ग्रेप -एन’ नं ‘टी’ फोल्डरमध्ये ‘टेस्ट -एफ’, ‘टेस्ट -डी’ (फोल्डर आहे का), ‘टेस्ट -ई’ (काहीही आहे का), ‘टेस्ट -एस’ (फाइल आहे आणि रिकामी नाही ना) शोधा. नकार दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, ‘! टेस्ट -एफ’ आणि ‘टेस्ट ! -एफ’, दोन्ही शोधा. ढोबळ जोड्या अशा:

टेस्ट -एफ → टेस्ट_पाथ_इज_फाइल
टेस्ट -डी → टेस्ट_पाथ_इज_डिर
टेस्ट -ई → टेस्ट_पाथ_एक्झिस्ट्स
! टेस्ट -ई → टेस्ट_पाथ_इज_मिसिंग
टेस्ट -एस → टेस्ट_फाइल_नॉट_एम्प्टी

निकालांची लांबलचक यादी बघून हात शिवशिवतील, पण एकच स्क्रिप्ट निवडा. लहान असेल तर उत्तम. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं काम चालू नाही ना, हे ‘नेक्स्ट’ आणि ‘सीन’ या, येऊ घातलेले बदल जमा होणाऱ्या शाखांमध्ये त्या फाइलचा लॉग पाहून तपासा. ‘मास्टर’ या मुख्य शाखेवर जुनी दिसणारी ओळ तिकडे आधीच बदललेली असू शकते.

मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: ही तपासणी निकाल देतेय की वाट निवडतेय? ‘इफ टेस्ट -एफ अमुक, देन तमुक’ अशी ओळ वाट निवडते. तिथं फाइल नसणं हे अपयश नाही, दुसरा रस्ता आहे. तिला हात लावायचा नाही. लावलात तर सगळं सुरळीत असतानाही लॉगमध्ये ‘फाइल नाही’ असा ओरडा दिसेल आणि पुढचा माणूस भलत्याच मागे लागेल.

अर्थ जपून बदल

सगळा कस इथं लागतो. सरसकट ‘शोधा आणि बदला’ केलं तर स्क्रिप्ट पास होईलही, पण काही टेस्टचा अर्थ गुपचूप बदललेला असेल.

नकारापासून सुरुवात करू. समजा ही टेस्ट आहे:

टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेस 'काढलेली फाइल जागेवर राहत नाही' '
	गिट आरएम हळद.टेक्स्ट &&
	! टेस्ट -एफ हळद.टेक्स्ट
'

पहिला विचार येतो तो ‘! टेस्ट_पाथ_इज_फाइल’ लिहायचा. तसं करू नका. ते फंक्शन फाइल नसली की तक्रार छापतं, आणि इथं फाइल नसणं हेच यश आहे. म्हणजे टेस्ट पास होताना तक्रार दिसणार आणि खरोखर फेल होताना, म्हणजे फाइल उरलेली असताना, काहीच दिसणार नाही. नेमकं उलटं. इथं हवं ते ‘टेस्ट_पाथ_इज_मिसिंग हळद.टेक्स्ट’. ते आतून साधारण असं आहे:

टेस्ट_पाथ_इज_मिसिंग () {
	इफ टेस्ट -ई "$१"
	देन
		एको "हा पाथ अजून आहे:"
		एलएस -एलडी "$१"
		फॉल्स
	फाय
}

‘एलएस -एलडी’ ची ओळ नीट बघा. नको असलेली गोष्ट उरली असेल तर ती फाइल आहे की फोल्डर, आकार किती, परवानग्या काय, वेळ कुठली, हे सगळं लॉगमध्ये येतं. बरेचदा तेवढ्यावर कारण कळतं. आकार शून्य असेल तर कुणीतरी रिकामी फाइल पुन्हा बनवली. वेळ जुनी असेल तर ती कुणी काढलीच नाही.

आता याच नकाराची दुसरी बाजू. ‘! टेस्ट -एफ’ म्हणजे ‘इथं साधी फाइल नाही’. ‘टेस्ट_पाथ_इज_मिसिंग’ म्हणजे ‘इथं काहीच नाही’. दुसरं विधान जास्त कडक आहे. एका शाखेत ‘बाजार’ नावाची फाइल आहे आणि दुसऱ्या शाखेत ‘बाजार’ हा फोल्डर असून त्यात ‘भाव.टेक्स्ट’ आहे असं समजा. दुसऱ्या शाखेवर गेल्यावर जुन्या टेस्टनं लिहिलंय ‘! टेस्ट -एफ बाजार’. ती पास होते, बरोबरच आहे. तिथं मिसिंग बसवलं तर टेस्ट फेल होईल, कारण फोल्डर आहे ना तिथं! मग ओळ जशीच्या तशी ठेवायची? नाही. लिहिणाऱ्याला खरं म्हणायचं होतं की आता इथं फोल्डर असायला हवा, म्हणून ‘टेस्ट_पाथ_इज_डिर बाजार’ लिहा. मूळ ओळीपेक्षा ही नेमकी झाली. मात्र असा बदल केलात तर कमिटच्या मजकुरात तो वेगळा सांगा.

‘! टेस्ट -एस’ ची गत तशीच. रिकामी फाइल असो वा मुळात फाइलच नसो, ती दोन्ही वेळा पास होते. ‘टेस्ट_मस्ट_बी_एम्प्टी’ मात्र आधी फाइल आहे का ते बघतं, मग ती रिकामी आहे का ते. समजा एखादी आज्ञा काही न छापता संपावी अशी अपेक्षा आहे आणि तिचं आउटपुट फाइलमध्ये वळवलंय. जुन्या तपासणीत फाइलचं नाव चुकीचं टाइप झालं असतं तरी टेस्ट वर्षानुवर्षं हिरवी राहिली असती. बदल करताना अशी टेस्ट अचानक फेल झाली तर वैतागू नका. तुमच्या हाती खरी चूक लागली आहे.

सिम्बॉलिक लिंकबाबत, म्हणजे दुसऱ्या पाथकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइलींबाबत, सावध राहा. ‘-एफ’, ‘-डी’ आणि ‘-ई’ लिंकच्या मागे जाऊन पलीकडे काय आहे ते बघतात. लिंकचं टोक तुटलेलं असेल तर ‘-ई’ म्हणतं ‘काही नाही’, आणि म्हणून मिसिंगही पास होतं, जरी लिंक तिथं ठळक बसलेली असली. स्क्रिप्ट लिंकविषयीच असेल तर ‘टेस्ट_पाथ_इज_सिमलिंक’ आहे, ते वापरा.

जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘टेस्ट -एफ अ -ए -एफ ब’ अशी जोड तपासणी दिसली तर तिच्या दोन वेगळ्या ओळी करा, मध्ये ‘&&’. गिटच्या कोडिंग नियमांतही ‘-ए’ आणि ‘-ओ’ नकोत असंच आहे, आणि मदतनीस फंक्शन तर एका वेळी एकच पाथ घेतात.

‘&&’ ची साखळी तुटू देऊ नका. शेलमध्ये शेवटच्या आज्ञेचा निकाल तोच पूर्ण टेस्टचा निकाल, त्यामुळे मधल्या ओळीपुढे ‘&&’ नसेल तर तिचं अपयश वाऱ्यावर जातं. गिटची चौकट अशी तुटलेली साखळी बऱ्यापैकी पकडते. ‘फॉर’ लूपमध्येही लक्ष द्या: आतल्या तपासणीपुढे ‘|| रिटर्न १’ हवं, आणि सबशेल (कंसात चालणारा वेगळा शेल) असेल तर ‘|| एक्झिट १’. नाहीतर पाचपैकी चार फाइली गायब असल्या आणि शेवटची तेवढी सापडली तरी लूप खुशाल पास होतो.

‘-एक्स’ असताना हे कशाला?

तासगावच्या एका विद्यार्थिनीनं मला हे विचारलं होतं: “दादा, ‘-एक्स’ लावलं की प्रत्येक आज्ञा छापली जाते. कुठली ओळ फेल झाली ते कळतंच. मग हा खटाटोप कशाला?” प्रश्न रास्त आहे. ‘-एक्स’ कुठली ओळ फेल झाली ते सांगतं. त्या पाथवर काय होतं ते सांगत नाही. शिवाय टेस्ट तुमच्याच लॅपटॉपवर फेल होईल असं नाही. ती सीआयच्या (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) एखाद्या मॅकवर फेल होते, एकदाच, आणि ते मशीन पुसलं जातं. उरतो फक्त लॉग. त्या लॉगमध्ये जे छापलं तेवढाच तुमचा पुरावा.

एवढं मात्र कबूल करायला हवं की सगळी फंक्शन्स सारखी बोलकी नाहीत. ‘टेस्ट_पाथ_इज_फाइल’ फक्त ‘ही फाइल अस्तित्वात नाही’ एवढंच म्हणतं. त्या जागी फोल्डर होता का ते सांगत नाही. खरा फायदा मिसिंगमध्ये आहे. वेळ थोडा असेल तर नकाराच्या ओळींवर जास्त घालवा.

मुद्दाम मोडून बघा

सगळे बदल झाले, स्क्रिप्ट पास झाली, हात झटकले, असं बरेच जण करतात. पण पास झालेली टेस्ट तुमच्या बदलाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तपासणीचं काम फेल होणं हे आहे, आणि ती फेल होते का ते अजून कुणी पाहिलेलंच नाही.

म्हणून प्रत्येक बदललेल्या ओळीआधी तात्पुरती एक ओळ घाला. फाइल असायला हवी तिथं ‘आरएम -एफ’ नं ती उडवा. नसायला हवी तिथं ‘>हळद.टेक्स्ट’ लिहून तयार करा. ‘-व्ही -आय’ नं चालवा. टेस्ट फेल झाली का? संदेश आला का? त्या संदेशावरून, स्क्रिप्ट न उघडता, काय घडलं ते ओळखता येतं का? मग ती ओळ काढून टाका आणि ‘गिट डिफ’ पाहून ती खरंच गेली याची खात्री करा.

हे करताना कधीकधी एक विचित्र गोष्ट दिसते: त्याच टेस्टमधली फाइल बनवणारी गिटची आज्ञाच तात्पुरती काढून टाकली तरी ‘फाइल आहे’ ही तपासणी पास होते. कारण एका स्क्रिप्टमधल्या सगळ्या टेस्ट एकाच कचरा फोल्डरमध्ये चालतात, आणि आधीच्या कुठल्यातरी टेस्टनं तीच फाइल मागे ठेवलेली असते. म्हणजे ही तपासणी आजवर काहीच तपासत नव्हती. उपाय दोन. आधीच्या टेस्टमध्ये ‘टेस्ट_व्हेन_फिनिश्ड’ वापरून तिचा पसारा तिलाच आवरायला लावा, किंवा आज्ञेच्या आधी मिसिंगची एक ओळ घालून ‘आत्ता नाही, नंतर आहे’ असं दोन्ही बाजूंनी बांधा. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये जाऊ द्या.

आणखी एक. दोन फाइली सारख्या आहेत का ते बघणाऱ्या ‘टेस्ट_सीएमपी’ च्या लगेच आधी असलेली ‘फाइल आहे का’ ही ओळ बहुधा फालतू असते, कारण तुलना करायला फाइलच नसेल तर टेस्ट_सीएमपी तसंही फेल होतं. ती काढायची की नाही ते पॅच तपासणाऱ्यांवर सोडा. पहिल्याच पॅचमध्ये (प्रकल्पाला पाठवायच्या बदलात) छाटणीला निघू नका.

कमिट आणि पाठवणी

जुन्या स्क्रिप्टमध्ये स्पेसनं केलेलं इंडेंटेशन, वाकडीतिकडी अवतरणं, असं बरंच दिसेल. ते सुधारायचं असेल तर आधी वेगळा कमिट करा, त्यात एकही तपासणी बदलू नका. मग दुसऱ्या कमिटमध्ये फक्त तपासण्या. दोन्ही एकत्र केलेत तर वाचणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. ‘गिट डिफ --चेक’ नं ओळीच्या शेवटचे रिकामे स्पेस पकडा.

कमिटचं शीर्षक इंग्रजीत, आधी स्क्रिप्टचा ‘टी’ क्रमांक, मग कोलन, मग आज्ञार्थी छोटं वाक्य, शेवटी पूर्णविराम नाही. मजकुरात ‘काय केलं’ पेक्षा ‘का केलं’ लिहा: जुनी ओळ फेल झाली की गप्प बसते, नवी कारण सांगते. अर्थ जिथं कडक झाला तिथं ते उघड सांगा. ‘गिट कमिट -एस’ नं साइन्ड-ऑफ-बाय ओळ येते. ती सही आहे, हे काम देण्याचा हक्क तुम्हाला आहे असं तुम्ही तिथं लिहून देता, तेव्हा समजून करा.

गिटमध्ये पॅच ईमेलनं जातात. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ नं फाइल बनवायची, ‘गिट सेंड-ईमेल’ नं पाठवायची. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड काढावा लागतो. बरीच मुलं नेमकी इथं अडकतात. आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बघा. ज्यांना गिटहबची सवय आहे त्यांच्यासाठी गिटगिटगॅजेट आहे, ते पुल रिक्वेस्टचं रूपांतर पॅचच्या ईमेलमध्ये करून देतं.

तुमच्या स्वतःच्या प्रकल्पात

हे सगळं गिटपुरतं नाही. कॉलेजच्या प्रकल्पात शेलच्या टेस्ट असतील तर वरच्यासारखी दोन-तीन फंक्शन्स एका फाइलमध्ये लिहा आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती ओढून घ्या. लिहितानाच थोडी सुधारणा करा. संदेश स्टँडर्ड एररवर पाठवा, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये पकडलेलं असेल तेव्हा ते भेसळीचं होत नाही. ‘$१’ कायम दुहेरी अवतरणात. ‘फाइल नाही’ म्हणताना तिच्या फोल्डरची ‘एलएस -एलए’ यादीही छापा; नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो तिथंच डोळ्यांत भरतो. मिसिंगमध्ये ‘-ई’ च्या जोडीला ‘-एच’ ही तपासा, तुटकी लिंक सुटणार नाही. बॅट्स ही शेलच्या टेस्टची तयार चौकट वापरत असाल तर हे लिहायचीही गरज नाही, बॅट्स-फाइल या जोडलायब्ररीत अशी फंक्शन्स तयार मिळतात.

पॅच पाठवल्यावर शेरे येतील. पहिला पॅच जसाच्या तसा क्वचितच स्वीकारला जातो. प्रत्येक शेऱ्याला ओळीखाली उत्तर द्या, पटलं नाही तर कारणासह तसं म्हणा. दुसरी आवृत्ती करताना नवा कमिट वर चढवू नका. जुनाच ‘रिबेस -आय’ नं सुधारा, ‘फॉरमॅट-पॅच -व्ही२’ नं काढा आणि ‘--रेंज-डिफ’ लावा, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते तपासणाऱ्याला पॅचसोबतच वाचायला मिळतं. आणि ती पाठवण्याआधी मुद्दाम मोडून बघायचा सगळा प्रकार पुन्हा एकदा करा, कारण शेऱ्यांप्रमाणे बदललेल्या ओळी अजून कुणी फेल होताना पाहिलेल्या नसतात.